आजीची गोळी आणि नातवाची शाळा

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होण्याआधीच आमच्या तालुक्यातील गावे रिकामी होऊ लागतात. बीड जिल्ह्याच्या या भागात सव्वीस वर्षांपासून मी दवाखाना चालवते आणि दरवर्षी हे दृश्य पाहते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे पिंप, एखादी शेळी, त्यावर दाटीवाटीने बसलेली माणसे आणि त्यांच्या मांडीवर पेंगणारी लेकरे. ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे निघतात, काही कर्नाटकात जातात. त्या परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत एक आजी दवाखान्यात आल्या. वय अडुसष्टच्या आसपास. सोबत तिसरीत शिकणारा नातू. चक्कर येते, डोके ठणकते, ही तक्रार. रक्तदाब मोजला, तो १९० वर ११० निघाला. सहा महिन्यांपूर्वी मीच त्यांना रोज एक गोळी लिहून दिली होती. चौकशी केल्यावर कळले, की गोळीचे दोन तुकडे करून एक दिवसाआड त्या अर्धी घेत होत्या आणि दिवाळीपासून तीही बंद होती.

“बरं वाटत व्हतं की बाई, मंग कशाला पैसे घालायचे?” आजी म्हणाल्या. नातू बाहेरच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. “ही चक्कर माझ्या पोराच्या कानावर जाऊ देऊ नका. परवा गाडी निघायचीय. तुझ्यानं व्हत नसंल तर लेकरू संगं नेतो म्हणतोय. नेलं की ह्याची शाळा गेली.”

रक्तदाबाचा तो आकडा मी केसपेपरवर लिहिला. आजवर मी तो आजीचा आकडा समजत आले होते. त्या दिवशी ध्यानात आले, की त्या आकड्यावर एका मुलाचे शैक्षणिक वर्ष टांगलेले आहे.

वाचकहो, आरोग्याच्या या पाक्षिकात शाळेविषयी का लिहिते आहे, असे आपल्याला वाटेल. ज्या मुलाला स्थिर घर नाही, त्याचे आरोग्य आणि त्याची शाळा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. आणि त्या दोहोंच्या मध्ये बहुतेक वेळा एक आजी किंवा आजोबा उभे असतात. आपल्यापैकी काही जण स्वतःच तसे आजी-आजोबा असतील. काही निवृत्त शिक्षक असतील. काहींच्या शिवारात दर हिवाळ्यात अशा टोळ्यांच्या कोप्या पडत असतील. हा लेख आपणा सर्वांसाठी आहे.

बेघर कोणाला म्हणावे?

‘बेघर’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो पदपथावर झोपलेला माणूस. २०११ च्या जनगणनेत अशा, डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांची संख्या देशात सुमारे १७ लाख ७० हजार इतकी नोंदली गेली. महाराष्ट्रात ती दोन लाखांहून अधिक होती. परंतु शाळेच्या दृष्टीने बेघरपणा याहून मोठा आहे. ज्या मुलाला उद्या रात्री आपण कोठे झोपणार हे ठाऊक नसते, ज्याचे दप्तर ठेवायला कोपरा नसतो, ज्याचा पत्ता वर्षात दोन-तीनदा बदलतो, ते मूल शाळेसाठी बेघरच होय. मग ते वीटभट्टीवरचे असो, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीतले असो, उड्डाणपुलाखालचे असो, किंवा झोपडी पाडल्यानंतर नातेवाइकांच्या दारी फिरणाऱ्या कुटुंबातले असो.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचे बेघरपण हंगामी असते. गावात त्यांचे दोन खोल्यांचे घर असते, पण वर्षातले पाच-सहा महिने ते कुलूपबंद राहते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी दोघांनाही जावेच लागते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा लागतो. कारखान्याजवळच्या माळावर किंवा उसाच्या फडाजवळ पाचट, बांबू आणि ताडपत्रीची कोपी उभी राहते. फड संपला की मुक्काम हलतो. पहाटे तीन-चारला उठून आईवडील तोडीला जातात आणि मागे राहते धाकट्याला सांभाळणारी थोरली बहीण. तीही जेमतेम दहा-अकरा वर्षांची असते.

आपल्या राज्यातील शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि एप्रिलच्या सुमारास संपते. हंगाम नेमका दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला आटोपतो. म्हणजे अशा मुलाचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. असे तीन-चार वर्षे झाले की पाचवीतले मूल दुसरीचे पुस्तक अडखळत वाचते. सातवी-आठवीत ते शाळेतून दिसेनासे होते. मुलीचे लग्न ठरते, मुलाच्या हाती कोयता येतो.

घर नसले की शरीरावर काय होते?

शिक्षकांना अशी मुले ‘लक्ष न देणारी’ वाटतात. वैद्यकीय नजरेने पाहिले तर कारणे बरीचशी साधी असतात.

पहिले कारण झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तासांची झोप लागते. कोपी पहाटेच जागी होते. रात्री गाडी भरायची असेल तर आईवडिलांबरोबर मूलही जागते. थंडी, डास, शेजारची भांडणे, जनावरांचे आवाज हे वेगळेच. कमी झोपलेले मूल मोठ्या माणसाप्रमाणे केवळ पेंगत नाही. ते चिडते, मारामारी करते, एका जागी बसत नाही. वर्गात त्यालाच ‘व्रात्य’ म्हणतात.

दुसरे कारण रक्तक्षय. पहाटे केलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिवसभर पुरवायचा, तेथे हिरवी भाजी, डाळ, अंडे कोठून येणार? त्यात उघड्यावर शौच आणि अनवाणी पाय यांमुळे जंत होतात. रक्त कमी असलेले मूल लवकर थकते, खेळात मागे राहते, फळ्यावरचे वाचता वाचता त्याचे लक्ष उडते.

तिसरे, त्वचेचे आजार. उसाच्या पात्याने अंग ओरखडले जाते. अंघोळीला पाणी नसते. एका गोधडीत चौघे झोपतात. खरूज एकाला झाली की सर्वांना होते. खरजेची खाज रात्री वाढते, म्हणजे झोप पुन्हा गेली. खरजेवर उपचार करताना एका मुलाला मलम देऊन भागत नाही, घरातील सर्वांनी एकाच रात्री ते लावावे लागते.

चौथे, चुकलेल्या लसी. दहा वर्षांचे झाल्यावर आणि पुन्हा सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायची असते. ज्या मुलाभोवती रोज कोयते चालतात, त्यालाच ती मिळालेली नसते, कारण लस देणारे पथक शाळेत आले त्या दिवशी ते फडात असते.

पाचवी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. सतत अनिश्चिततेत राहणाऱ्या मुलाचे शरीर कायम सावध अवस्थेत असते. पोट दुखते, पण तपासणीत काही सापडत नाही. मोठा आवाज झाला की ते दचकते. कोणी खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरते. अशा मुलाला औषधाहून अधिक उपयोगी पडते ते रोजचे ठरलेले वेळापत्रक. तीच घंटा, तीच जागा, तेच माणूस. हे देण्याची सोय माझ्या दवाखान्यात नाही. ती शाळेत आहे.

शाळेने काय करावे?

प्रथम प्रवेश, मग कागद. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू होतो. त्यातील काही कलमे बेघर मुलांसाठी फार मोलाची आहेत आणि ती आपल्याला ठाऊक असणे उपयोगाचे आहे. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ प्रमाणे मुलाला एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. कलम ४ प्रमाणे मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे आहे, आणि अशा मुलाचे प्राथमिक शिक्षण चौदा वर्षांनंतरही, ते पूर्ण होईपर्यंत, मोफत चालू ठेवायचे आहे. कलम ९ तर स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरवते.

निघताना हातात काहीतरी द्यावे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येते, याची नोंद असलेले हे कार्ड दाखवून ते जेथे जाईल तेथील शाळेत बसू शकते. दिवाळीच्या सुट्टीआधीच शिक्षकांनी हे कार्ड भरून पालकांच्या हाती दिले, कोणत्या कारखान्याकडे जाणार हे विचारून ठेवले आणि तेथील शाळेला एक फोन केला, तर अर्धे काम होते. कार्डाबरोबर लसीकरणाचा कागद आणि चालू औषधांची चिठ्ठीही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावी, असे मी आमच्याकडील शिक्षकांना आवर्जून सांगते.

आलेल्या मुलाला पाहुणा समजू नये. चार महिन्यांसाठी आलेल्या मुलाचे नाव हजेरीपटावर यावे, त्याला पुस्तके मिळावीत, बसायला ठरलेली जागा मिळावी. ‘साखरवाले’, ‘कोपीवरचे’ असे शब्द शिक्षकांच्या तोंडी येऊ नयेत, कारण ते लगेच मुलांच्या तोंडी जातात. गणवेश किंवा वही नाही याची विचारणा वर्गासमोर करू नये. बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारावे. जे द्यायचे तेही तसेच द्यावे.

अन्न, पाणी आणि अंघोळ. शाळेतील पोषण आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलाला सुमारे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. घर असलेल्या मुलासाठी हे दिवसातले एक जेवण. काही मुलांसाठी मात्र ते एकमेव पोटभर जेवण असते. सोमवारी एखादे मूल अधाशासारखे खाते, खिचडी रुमालात बांधून घेते, हे शिक्षकांनी पाहावे आणि रागावू नये. नळाजवळ साबण, एक आडोसा, दोन बादल्या आणि धुतलेला एखादा जादा गणवेश एवढी सोय बहुतेक शाळांना जमू शकते. वयात आलेल्या मुलींसाठी दार लागणारे स्वच्छतागृह आणि सॅनिटरी पॅड ही चैन नव्हे. त्याअभावी मुली महिन्यातले तीन-चार दिवस घरी राहतात, आणि मग कायमच्याच.

अभ्यास शाळेतच संपवावा. कोपीत दिवा नसतो. तेथे गृहपाठ देणे म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शिक्षेची तरतूद करणे. शाळा सुटल्यावर तासभर एखादा वर्ग उघडा ठेवला, तर गृहपाठही होतो आणि मूल फडाकडेही जात नाही. पेंगणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीत वीस मिनिटे आडवे होऊ द्यावे. मी सांगते म्हणून एका शाळेने सतरंजीचा एक कोपरा केला आणि भांडणे कमी झाल्याचे तेथील बाईंनीच मला सांगितले.

आरोग्य तपासणी चुकू देऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांमध्ये व अंगणवाड्यांमध्ये मुले तपासतात. लोहाची साप्ताहिक गोळी, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढील मुलांना निळी, शाळेतून मिळते. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशकाची गोळी दिली जाते. या सर्व सोयी हजर असलेल्या मुलासाठी आहेत. म्हणून बाहेरगावाहून आलेल्या मुलांची वेगळी यादी करून ती प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी.

एक माणूस ठरवून द्यावे. ‘सर्व शिक्षक लक्ष देतील’ असे म्हटले की कोणीच देत नाही. प्रत्येक अशा मुलामागे एका शिक्षकाचे नाव असावे. मूल दोन दिवस आले नाही तर फोन त्याने करायचा, आणि एप्रिलमध्ये मूल परतल्यावर ‘इतके दिवस कुठे होतास?’ असे न विचारता ‘बरे झाले आलास, बस’ असे त्यानेच म्हणायचे.

ही रीत आपली जुनीच

आपल्यापैकी ज्येष्ठ वाचकांनी वडिलांच्या, आजोबांच्या तोंडून वार लावून जेवण्याच्या गोष्टी ऐकल्या असतील. गावातून शहरात शिकायला आलेल्या गरीब मुलाला सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात वार सात घरे जेवू घालत. माधुकरी मागून शिकलेली माणसे पुढे मोठ्या पदांवर गेली. त्या व्यवस्थेला जातीची कुंपणे होती, हेही विसरून चालणार नाही. ज्यांच्यासाठी ती दारे बंद होती, त्यांच्यासाठी इतरांनी नवी दारे उघडली. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. शिक्षणाआधी मुलाला निवारा आणि जेवण लागते, हे या मंडळींना शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

आजची हंगामी वसतिगृहे हे त्याच विचाराचे रूप होय. आईवडील ऊसतोडीला गेले की मूल गावातच राहते, शाळेच्या देखरेखीखाली जेवते आणि शिकते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजनाही राज्याने आणली आहे. अशी सोय गावात वेळेवर सुरू झाली, तर मूल गाडीत चढत नाही. वेळ चुकली तर चढते. गाडी कोणासाठी थांबत नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने मुलांची यादी आणि मागणी पावसाळ्यातच पुढे पाठवावी, दसऱ्याची वाट पाहू नये.

मागे राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी

सर्व मुले वसतिगृहात मावत नाहीत, आणि लहान मुलांना आजीची कूसच हवी असते. म्हणून आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे नातवंडांना घेऊन मागे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी.

सहा महिने आपण आई आणि बाप दोन्ही असता. अशा वेळी स्वतःचे औषध सर्वांत आधी सुटते. कृपा करून तसे करू नका. रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून बंद करायची नसते. गोळी चालू आहे म्हणूनच बरे वाटत असते. रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. महिनाभराची एकदम मिळतील का, हे तेथे विचारा. आशाताईंना सांगून ठेवा. गोळी घेण्याची वेळ नातवाच्या शाळेच्या तयारीशी जोडा: त्याचे दप्तर भरले की आपली गोळी.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हातातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करायचा, हे नातवंडाला शिकवून ठेवा. आठ वर्षांचे मूल हे नक्की शिकते. शेजारच्या एका घराशी ठरवून ठेवा, की आपल्याला काही झाले तर मूल त्या रात्री कोठे झोपेल. हे आधी ठरलेले असले की मुलाचीही भीती कमी होते.

आपल्याला वाचता येत नसले तरी अभ्यास घेता येतो. रोज रात्री जेवणानंतर मुलाला एक पान मोठ्याने वाचायला लावा आणि ‘म्हणजे काय रे?’ एवढेच विचारा. समजावून सांगताना त्याचे त्यालाच कळत जाते. झोपेची वेळ ठरवा, मोबाइल त्या आधी बंद करा. आईवडिलांशी बोलण्याचा वार आणि वेळ ठरवा. फोन लागला नाही तर ‘उद्या लागेल’ असे सांगा, ‘तुला विसरले’ असे चेष्टेतही म्हणू नका.

शाळांनीही एक बदल करावा. पालकसभेची चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून आजी येत नाहीत, आणि आल्या तर मागे उभ्या राहतात. त्यांना निरोप तोंडी द्या, बसायला खुर्ची द्या. ऊसतोडीच्या गावांत जी सभा भरते, ती खरे तर आजी-आजोबांची सभा असते. त्याच दिवशी आरोग्य सेविकेला बोलावून रक्तदाब आणि साखर तपासली, तर अनेक नातवंडांचे वर्ष वाचेल.

ज्या वाचकांवर ही वेळ नाही, त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. आपण निवृत्त शिक्षक असाल तर संध्याकाळचा एक तास जवळच्या शाळेला द्या. आपल्या शिवारात टोळी उतरली असेल तर कोपीवरची मुले शाळेत जातात का, हे विचारा. जात नसतील तर मुख्याध्यापकांना सांगा. प्रवेश नाकारला गेला तर कलमांची आठवण शांतपणे करून द्या. एखादे मूल एकटे, निराधार किंवा धोक्यात दिसले तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे, आणि एकाकी वृद्धांसाठी एल्डरलाइनचा १४५६७. दोन्ही लक्षात ठेवावेत.

त्या आजींचे पुढे काय झाले?

मुलाला काही सांगू नका असे आजी म्हणाल्या होत्या. मी त्यांना म्हटले, “मी सांगणार नाही, पण तुम्ही सांगा. उपाय करून मग सांगा.” त्यांच्या परवानगीने मी शाळेतील गुरुजींना फोन केला. गोळ्या आरोग्य केंद्रातून सुरू झाल्या. दर सोमवारी नातू शाळेत आला की गुरुजी विचारत, “आजीची गोळी झाली का?” जानेवारीत आजी अंगणात घसरून पडल्या, आठ दिवस चालता येईना. तेव्हा नातू शेजारच्या घरी झोपला आणि तेथूनच शाळेत गेला. वर्ष पार पडले. एप्रिलमध्ये आजींचा रक्तदाब १४४ वर ८६ होता. आटोक्यात आला असे म्हणता येणार नाही, पण दिशा बरोबर होती.

एप्रिलमध्येच मला दुसरी गोष्ट कळली. आजींबरोबर एक मुलगी आली. हातावर ओरखडे, बोटांच्या बेचक्यांत खरूज. ती त्या नातवाची थोरली बहीण, सहावीतली. धाकट्या भावंडाला सांभाळायला आईवडिलांनी तिला बरोबर नेले होते. “दोघं माझ्यानं झेपली नसती बाई,” आजी म्हणाल्या. दिवाळीत मी नातवाची एवढी चौकशी केली, पण घरात आणखी कोणी शाळेत जाते का, हे विचारलेच नव्हते. ती चूक माझी होती. आता अशा प्रत्येक घराला मी तो प्रश्न विचारते.

त्या मुलीच्या पिशवीत शिक्षण हमी कार्ड होते. सांगली जिल्ह्यातील एका गावच्या शाळेने ते पाहून तिला सात आठवडे वर्गात बसवून घेतले होते, कडेवरच्या भावासकट. तेथील बाईंनी कार्डाच्या मागे पेनाने लिहिले होते: ‘भागाकार येतो. अपूर्णांक बाकी. चष्म्यासाठी डोळे तपासावेत.’ आम्ही डोळे तपासले. चष्मा लागला. वर्षभर ती फळा नीट पाहू शकत नव्हती आणि हे तिच्या गावातील कोणाच्याही, माझ्यासह, ध्यानात आले नव्हते. चार महिन्यांच्या पाहुण्या मुलीला ज्यांनी नीट पाहिले, त्यांना ते दिसले.

यंदा गावात हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत गेली आहे आणि यादीत त्या मुलीचे नाव आहे. मंजुरी यायची आहे. धाकट्या भावाचे काय करायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. अंगणवाडी ताईंशी बोलणे चालू आहे. दसरा जवळ येतो आहे. आपल्या गावातही, आपल्या गल्लीच्या टोकाच्या बांधकामावरही, याच सुमारास कोणीतरी नवे मूल येईल किंवा कोणीतरी निघण्याच्या तयारीत असेल. त्याला एवढेच विचारा: “बाळा, तुझी शाळा कोणती?” आणि त्याच्या आजीला विचारा, गोळी घेतली का.